आई-बाबांचा व्हिसा नाकारला, आता अपील कसं करायचं? ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

होम ऑफिसचं, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याचं, नकारपत्र आलं की बहुतेक घरांत ते पहिल्या पानापासून वाचायला घेतात. तिसऱ्या परिच्छेदात कुठेतरी "तुमच्या आईला लागणारी काळजी भारतात मिळू शकते" असं वाक्य येतं. मुलगा भडकतो, बहिणीला फोन लागतो, आणि रागारागात आठवडा निघून जातो. अपिलाची मुदत मात्र पत्र आलं त्या दिवसापासूनच धावत असते.

मी वकील नाही. माझ्या आईच्या अर्जात पोळल्यावर हे सगळं शिकावं लागलं. पुढे ओळखीच्यांच्या फाइली पाहताना लक्षात आलं की बहुतेक जण त्याच दोन-तीन ठिकाणी अडतात. म्हणून हे लिहितोय. इथे सर्वसाधारण माहिती आहे. तुमच्या केसचा सल्ला नोंदणीकृत सल्लागाराकडूनच घ्या, त्याबद्दल खाली लिहिलंच आहे.

पत्र शेवटच्या पानापासून वाचा

शेवटच्या पानांवर दोन गोष्टी असतात: अपिलाचा हक्क आहे की नाही, आणि असला तर किती दिवसांत. अर्जदार ब्रिटनमध्ये असेल तर निर्णय पाठवल्यापासून १४ दिवस, आणि ब्रिटनबाहेर असेल तर निर्णय हाती पडल्यापासून २८ दिवस. ईमेल आलेली तारीख, व्हिसा केंद्रातून पाकीट घेतल्याची तारीख, सगळं लिहून ठेवा. मुदत उलटली तरी उशिराचं कारण देऊन परवानगी मागता येते, पण "आम्ही गोंधळलो होतो" हे कारण कुणाला पटत नाही.

प्रत्येक नकारावर अपील नसतं. २०१४ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर अपिलाचे रस्ते फार थोडे उरले, आणि कुटुंबांसाठी त्यातला मुख्य म्हणजे मानवी हक्कांचा दावा नाकारला जाणं. नातेवाइकांना भेटायला यायचा व्हिजिट व्हिसा नाकारला तर २०१३ पासून पूर्वीसारखं अपील नाही, सहसा नवा अर्जच करावा लागतो. आई-वडिलांच्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज नाकारला तर मात्र अपील मिळतं, कारण तो अर्ज कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा दावा मानला जातो. "दावा उघडच निराधार आहे" असा शिक्का मारून होम ऑफिसने ब्रिटनमधून अपील करायची वाट बंद केली असेल, तर तेही याच पानांवर दिसेल. असं असलं तर त्याच दिवशी वकील गाठा.

नियम नेमकं काय मागतो

९ जुलै २०१२ पासून वृद्ध पालकांना आणायचा नियम फार कडक झाला. त्याआधीचे अनुभव सांगणारे काका-मामा भेटतील, "आम्ही आणलं की आईला, सोपं असतं" म्हणतील. त्यांचं ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आता स्पॉन्सर, म्हणजे पालकांना इथे बोलावणारं मूल, ब्रिटिश नागरिक, इथे कायमचा स्थायिक झालेला किंवा निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेला असावा लागतो, याखेरीज अगदी मोजके अपवाद आहेत. स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्याला आई-वडिलांना या मार्गाने आणता येत नाही. नव्याने आलेल्यांतले कितीतरी जण हे कळण्याआधीच तीन हजार पौंडांहून जास्त फी भरून बसतात.

त्यानंतरच्या दोन अटी एकमेकींत अडकलेल्या आहेत. वय, आजार किंवा अपंगत्वामुळे पालकाला रोजच्या कामांसाठी, म्हणजे आंघोळ, कपडे घालणं, स्वयंपाक अशा गोष्टींसाठी, दीर्घकाळ दुसऱ्याच्या हाताची गरज असली पाहिजे. आणि तुम्ही पैसे पाठवून, खटपट करूनसुद्धा ती काळजी त्यांच्या देशात मिळू नये: एकतर ती उपलब्ध नाही आणि ती वाजवीपणे देऊ शकेल असं माणूसही तिथे कुणी नाही, किंवा ती परवडत नाही. आई आणि बाबा दोघांनी एकत्र अर्ज केला तर दोघांपैकी एकाला अशी गरज असणं पुरेसं आहे. शिवाय पाच वर्षं सरकारी मदत न घेता त्यांना सांभाळीन, असं लेखी हमीपत्र द्यावं लागतं.

इथला पेच लक्षात घ्या. आईला सांभाळण्याइतके पैसे आहेत असं दाखवलंत, तर अधिकारी म्हणतो, मग तिथेच बाई ठेवा. पैसे नाहीत म्हणालात, तर हमीपत्राचं काय? यातून सुटायचं तर पैशाचा मुद्दा बाजूला ठेवून काळजीच्या दर्जावर बोलावं लागतं. ब्रिटसिट्स या संस्थेने २०१७ मध्ये या नियमाला कोर्ट ऑफ अपीलमध्ये आव्हान दिलं आणि ती हरली, नियम कायदेशीर ठरला. पण त्याच निकालात कोर्टाने म्हटलं की काळजीची गरज फक्त शारीरिक नसते, मानसिक आणि भावनिक गरजाही मोजायच्या असतात, आणि मिळणारी काळजी त्या व्यक्तीसाठी वाजवी असली पाहिजे. अर्थात त्याला डॉक्टरांचा पुरावा हवा. "आईला माझी आठवण येते" एवढ्यावर भागत नाही. स्मृतिभ्रंश झालेली आई परक्या बाईच्या हातून जेवत नाही, औषध थुंकून टाकते, रात्री दार उघडून बाहेर पडते, हे मानसोपचारतज्ज्ञाने तपासून लिहिलेलं असेल तर भागतं.

नियमात न बसणाऱ्यांसाठी कलम ८

युरोपियन मानवी हक्क करारातलं कलम ८ कौटुंबिक आणि खासगी जीवनाच्या आदराबद्दल आहे, आणि १९९८ च्या ह्यूमन राइट्स कायद्याने ते ब्रिटनच्या कोर्टांत आलं. हा हक्क निरपवाद नाही, सरकार त्यात सार्वजनिक हितासाठी हस्तक्षेप करू शकतं. न्यायाधीश २००४ च्या रझगर निकालातल्या प्रश्नांच्या क्रमाने जातात: कौटुंबिक जीवन आहे का, नकाराने ते गंभीरपणे बाधित होतं का, नकार कायद्याला धरून आहे का, त्याला योग्य कारण आहे का, आणि सरतेशेवटी, तो प्रमाणात आहे का, म्हणजे सार्वजनिक हिताच्या मानाने घराचं नुकसान जास्त तर होत नाही ना. सगळी लढाई बहुधा पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नावर होते.

पहिला प्रश्न मराठी माणसाला अपमानास्पद वाटतो. आई आणि मुलगा, आणि कौटुंबिक जीवन आहे का म्हणून विचारतात! पण २००३ च्या कुगथास निकालापासून कोर्टं असं मानत आली आहेत की प्रौढ मुलं आणि पालक यांच्यात नुसत्या नेहमीच्या मायेपेक्षा जास्त काही हवं, म्हणजे खरा, परिणामकारक किंवा बांधिलकीचा आधार. दरमहा पाठवलेले पैसे, वर्षातून दोनदा केलेल्या फेऱ्या, ऑपरेशनच्या वेळी घेतलेली बिनपगारी रजा, रोज संध्याकाळचा व्हिडिओ कॉल, हे सगळं कागदावर आणायचं ते इथे.

शेवटच्या प्रश्नात तराजू असतो. २००२ च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ११७बी न्यायाधीशाला सांगतं की इमिग्रेशन नियंत्रण सार्वजनिक हिताचं आहे, इंग्रजी येणं आणि स्वतःच्या पायावर उभं असणं यालाही महत्त्व आहे. अर्जदार आईला इंग्रजी येत नसेल तर ते तिच्या पारड्यात पडत नाही, हे आधीच जाणून ठेवा. दुसऱ्या पारड्यात तुमच्या सगळ्या घरावर होणारा परिणाम येतो. २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, स्पष्ट केलं की फक्त अर्जदाराचा नाही, घरातल्या सगळ्यांचा हक्क बघायचा. म्हणून सुनेचं आणि नातवंडांचं म्हणणंही फाइलमध्ये असू द्या.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: तुम्हीच परत का जात नाही? २०१८ सालच्या एका केसमध्ये आई दक्षिण आफ्रिकेत आणि मुलगी लंडनमध्ये होती. मुलीने परत जाऊन आईला आधार देणं अवाजवी नाही, असं कोर्ट ऑफ अपीलने मानलं. तुमच्याकडे ओसीआय कार्ड असेल तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण त्यावर भारतात राहताही येतं आणि नोकरीही करता येते. उत्तर तयार ठेवा आणि ते खरं असू द्या: जोडीदाराचं काम, इथे वाढलेल्या मुलांची शाळा, घराचं कर्ज, तुमचा स्वतःचा आजार. "मला जायचं नाही" हे उत्तर प्रामाणिक असलं तरी त्यावर केस उभी राहत नाही.

पुराव्याची फाइल: इथेच जिंकतात किंवा हरतात

आपल्या आई-बाबांची एक सवय या फाइलचा घात करते. डॉक्टरांनी विचारलं, "काय आजी, कसं आहे?" की त्या म्हणतात, "बरं आहे की, चाललंय." डॉक्टर लिहितात, प्रकृती स्थिर. माझ्या आईच्या पहिल्या अर्जात नेमकं हेच झालं. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डवर "स्थिर" आणि "हिंडतीफिरती" हे दोन शब्द होते. हिंडतीफिरती म्हणजे वॉकर धरून संडासापर्यंत, तेही मावशीने मागून धरलं तर. होम ऑफिसच्या अधिकाऱ्याने ते दोन शब्द उचलले आणि बाकीची फाइल मिटली.

त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना रोज सोबत असणाऱ्या माणसाला घेऊन जा, आणि आईसमोर नको असेल तर बाहेर येऊन खरं सांगा. पत्रात हे हवं: आजार काय, तो किती पुढे गेला आहे, पुढे काय होणार, आणि कोणत्या कामाला, दिवसातून किती वेळा, किती मिनिटं दुसऱ्याचा हात लागतो. "त्यांना कुटुंबाची गरज आहे" अशी गोड वाक्यं डॉक्टरांकडून लिहून घेऊ नका. न्यायाधीशाला ती लगेच ओळखू येतात, आणि मग बाकीच्या पत्रावरही संशय येतो.

काळजी उपलब्ध नाही, किंवा आता राहिली नाही, हे दाखवायला नियमाला अधिकृत स्रोत हवे असतात: तिथली आरोग्य यंत्रणा, स्थानिक प्रशासन किंवा डॉक्टर. म्हणजे शेजारच्या काकूंचं पत्र जोडायचं जरूर, पण भिस्त त्यावर नको. आतापर्यंत ब्यूरोतून बाई ठेवली असेल तर पावत्या, किती बायका बदलल्या, का सोडून गेल्या, रात्रपाळीला कुणी आलं नाही तेव्हा काय झालं, सगळं तारखांसह. वृद्धाश्रमांना लेखी विचारा: अंथरुणाला खिळलेल्या किंवा डिमेन्शियाच्या रुग्णाला घेता का? नकाराची ईमेल हा उत्तम पुरावा आहे. कुणी घेतो म्हणालं तर तेही लपवू नका. तिथे काय मिळतं आणि काय मिळत नाही ते लिहा. होम ऑफिस इंटरनेटवर पाच मिनिटांत एखादा वृद्धाश्रम शोधून काढतं.

मग येतात भाऊ-बहिणी. भारतात कुणी भावंड असेल तर त्याने किंवा तिने स्वतः स्टेटमेंट दिलं पाहिजे की आपण का सांभाळू शकत नाही. इथे घरात फार अवघड बोलणी होतात. "दादा कागदावर लिहून देईल का, की तो आईला सांभाळत नाही?" लिहून द्यावं लागतं, आणि कारण खरं असावं लागतं: त्याचं स्वतःचं डायलिसिस, बदलीची नोकरी, सासू-सासरे आधीच घरात. भावंडाबद्दल फाइलमध्ये एक ओळही नसेल तर न्यायाधीश धरून चालतात की तो सांभाळू शकतो.

मी प्रत्येकाला एक वही ठेवायला सांगतो. सलग चार आठवडे, जो आईसोबत असेल त्याने रोज लिहायचं: किती वाजता उठवलं, कशात मदत लागली, कुठे पडली, काय खाल्लं नाही, रात्री किती वेळा उठावं लागलं. मराठीत लिहिलं तरी चालतं, भाषांतर नंतर करता येतं. एका घरात या वहीने डॉक्टरांच्या पत्रांपेक्षा जास्त काम केलं, कारण त्यात कंटाळवाणा खरेपणा होता. असा खरेपणा कुणी बनवून लिहीत नाही.

मराठी किंवा हिंदी कागदांची प्रमाणित इंग्रजी भाषांतरं लागतात. भाषांतरकाराचं नाव, तारीख, सही आणि भाषांतर अचूक असल्याचं विधान त्यावर हवं.

आई इथेच असेल तर

व्हिजिट व्हिसावर आई आली, इथे पडली, आता परत पाठवणं शक्य नाही. ही परिस्थिती खरीच येते. पण नियमातला पालकांचा अर्ज देशाबाहेरूनच करायचा असतो. देशात राहून केलेला अर्ज जवळजवळ पूर्णपणे कलम ८ वर तोलला जातो, आणि रांग टाळण्यासाठी व्हिजिट व्हिसा वापरला असं दिसलं तर तराजू कलतो. पाकिस्तानातून व्हिजिट व्हिसावर आलेल्या एका वृद्ध विधवेचं अपील कोर्ट ऑफ अपीलने २०२१ मध्ये फेटाळलं, तिची सगळी मुलं इथे असूनही. म्हणून "आधी येऊ दे, मग बघू" हा सल्ला कुणी दिला तर त्यामागचा धोका समजून घ्या.

व्हिसा चालू असतानाच अर्ज केला असेल तर अर्ज आणि अपील प्रलंबित असेपर्यंत तोच दर्जा कायद्याने वाढतो. व्हिसा संपल्यावर केला असेल तर वाढत नाही. आणि देशातून अपील चालू असताना मावसभावाच्या लग्नाला भारतात जाऊ नका. देश सोडला की ते अपील सोडून दिलं असं मानतात.

उलट्या परिस्थितीतही अपील होतं: तुम्हाला इथे राहायचं आहे आणि तुमच्या काळजीवर इथला एखादा ब्रिटिश आजोबा किंवा आजारी जोडीदार अवलंबून आहे. तेव्हा होम ऑफिस म्हणतं, कौन्सिल (तिथली नगरपालिका) काळजी घेईल. म्हणून आधीच कौन्सिलकडे त्या व्यक्तीच्या गरजांचं मूल्यमापन मागा. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर कायद्याखाली ते मागता येतं, तसं काळजी घेणाऱ्याच्या गरजांचंही. कौन्सिलच्या कागदावर "दिवसातून दोनदा अर्धा तास कर्मचारी" असं आलं आणि गरज चोवीस तासांची असली, तर मधला सगळा वेळ तुम्ही भरता हे आपोआप दिसतं.

मूल ब्रिटिश असेल किंवा सलग सात वर्षं इथे राहिलं असेल, आणि तुमचं त्याच्याशी खरं पालकत्वाचं नातं असेल, तर प्रश्न असा होतो की त्या मुलाला देश सोडायला लावणं वाजवी आहे का. नाही असं ठरलं तर पारडं तुमच्या बाजूने फिरतं. विशेष गरजा असलेल्या मुलाचा शाळा-आरोग्य आराखडा असेल तर तो फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा.

फॉर्म, फी, बंडल

अपील फर्स्ट-टियर ट्रिब्युनल, म्हणजे पहिल्या पातळीच्या न्यायाधिकरणाच्या इमिग्रेशन चेंबरकडे ऑनलाइन करतात. फी प्रत्येक अर्जदारामागे सुनावणीसह १४० पौंड, फक्त कागदांवर निर्णय हवा असेल तर ८० पौंड. ६० पौंड वाचवायला कागदी निर्णय निवडू नका. माणसाला समोरून ऐकल्यावर न्यायाधीशाचं मत बदलतं, हे मी पाहिलं आहे. उत्पन्न कमी असेल तर फीसाठी मदत मागता येते.

मग होम ऑफिस आपली कागदपत्रं टाकतं, तुम्ही तुमचा युक्तिवाद आणि पुरावे टाकता, आणि होम ऑफिस पुन्हा एकदा केस बघतं. चांगली फाइल असेल तर इथेच नकार मागे घेतला जाऊ शकतो. न्यायाधीश सुनावणीच्या दिवसाची परिस्थिती बघतात, म्हणून अर्जानंतर आई पुन्हा पडली, बाबा गेले, असं काही झालं असेल तर नवे कागद जोडा. मात्र पूर्णपणे नवा मुद्दा असेल, होम ऑफिसने कधी पाहिलाच नसेल, तर तो मांडायला त्यांची संमती लागते.

वकील की एजंट

ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं गुन्हा आहे. सॉलिसिटर, बॅरिस्टर किंवा इमिग्रेशन अॅडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदवलेला सल्लागार हवा. ही संस्था जानेवारी २०२५ पर्यंत ओआयएससी या नावाने ओळखली जायची. सल्लागारांचे स्तर असतात आणि ट्रिब्युनलमध्ये उभं राहायला वरचा, तिसरा स्तर लागतो. मंडळाच्या गणपतीत भेटलेले "सगळे व्हिसे करून देणारे" गृहस्थ कितीही गोड बोलले तरी आधी नोंदणी यादीत नाव शोधा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये कलम ८ च्या केसला सहसा लीगल एड, म्हणजे सरकारी खर्चाने वकील, नाही. अपवादात्मक निधीसाठी अर्ज करता येतो, तो करून बघा.

सुनावणीचा दिवस

मराठी दुभाषी मागितला तर ट्रिब्युनल तो मोफत देतं. आपलं इंग्रजी बरं असलं तरी मागा. ऑफिसात प्रेझेंटेशन देणं वेगळं आणि आईच्या बेडसोअरबद्दल परक्या माणसाच्या उलटतपासणीला उत्तर देणं वेगळं. दुभाष्याची बोली कळत नसेल तर लगेच हात वर करा, नंतर सांगून उपयोग नाही.

आईला भारतातून व्हिडिओवर साक्ष द्यायला लावायचं ठरवत असाल तर थांबा. परदेशातून तोंडी साक्ष द्यायला त्या देशाची हरकत नाही हे आधी तपासावं लागतं. अप्पर ट्रिब्युनलने, म्हणजे वरच्या न्यायाधिकरणाने, २०२१ मध्ये हे ठामपणे सांगितलं. लेखी स्टेटमेंटला ही अडचण नाही.

होम ऑफिसचा प्रतिनिधी उलटतपासणीत विचारेल: शेवटचं भारतात कधी गेलात, किती दिवस, तेव्हा रात्री आईला कोण उठवत होतं? उत्तर आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. स्टेटमेंटमध्ये एक आकडा आणि तोंडी दुसरा, यावर केस पडलेल्या मी पाहिल्या आहेत. आदल्या रात्री स्वतःचं स्टेटमेंट पुन्हा वाचा, सगळी भावंडं मिळून नको, ज्याने त्याने आपापलं.

निकालानंतर

निकाल लेखी येतो. हरलात तर अप्पर ट्रिब्युनलकडे जायची परवानगी आधी फर्स्ट-टियरकडेच मागायची, ब्रिटनमध्ये असाल तर १४ दिवसांत, बाहेर असाल तर २८ दिवसांत. पण "न्यायाधीशांनी आमचं ऐकलं नाही" हा मुद्दा तिथे चालत नाही. कायद्याची चूक दाखवावी लागते: महत्त्वाचा पुरावा पाहिलाच नाही, चुकीची कसोटी लावली, कारणं दिली नाहीत. नवा अर्ज करायचा झाला तर पहिल्या न्यायाधीशाचे निष्कर्ष पुढच्या न्यायाधीशासाठी सुरुवातीचा टप्पा ठरतात. म्हणून काही बदललं नसताना तीच फाइल पुन्हा देण्यात अर्थ नाही.

जिंकलात तरी होम ऑफिसही परवानगी मागू शकतं, ती मुदत संपेपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका. त्यानंतर आईचा पासपोर्ट पुन्हा मागवतात. भारतातून येणाऱ्यांना टीबीच्या तपासणीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते सहा महिनेच चालतं. अपील चालू असताना पहिलं प्रमाणपत्र बहुधा संपलेलं असतं, तेव्हा तपासणीची वेळ आधीच घेऊन ठेवा.